ब्रेडवर बटर लाव

बटर दोन प्रकारचं असतं, हे पवनीच्या रत्नमालाकाकूला कळायला नऊ वर्षं लागली. आणि कळलं तेही माझ्या मोबाइलवर, आमच्याच ओट्यावर बसून. त्यामुळे या सगळ्यात थोडा दोष माझाही आहे. किती, ते पुढे येईलच.

आमच्या गल्लीत बटर म्हणजे काय, हे कोणालाही विचारा. बेकरीतलं, गोल, कडक, जिरं टाकलेलं, चहात बुडवल्याशिवाय दाताचं न ऐकणारं. दुसरं ते कागदात गुंडाळलेलं पिवळं बटर टीव्हीवरच्या जाहिरातीत असतं. त्याला आम्ही लोणी म्हणतो, आणि लोणी ही दुकानातून आणायची वस्तू आहे असं इथं कोणाला वाटत नाही.

रत्नमालाकाकू समोरच राहते. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला, त्याच उन्हाळ्यात ती साकोली तालुक्यातल्या एकोडीहून लग्न होऊन पवनीला आली. तिचे यजमान बाबुलालकाका राईस मिलमध्ये आहेत. ते अजून म्हणतात, "त्या साली जिल्ह्याची वाटणी झाली अना माझ्या घराचीही. जिल्ह्याले अर्धा तरी मिळाला." काकू यावर फक्त भाकरीचं पीठ जरा जोरात थापते.

काकू अंगणवाडीत मदतनीस होती. पोरं घरून गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. हाताला चव होती, पण स्वतःच्या हातावर तिचा विश्वास नव्हता. आठवी शिकलेली. शिकलेल्या माणसानं "बरोबर" म्हटल्याशिवाय तिला स्वतःची आमटीही आमटी वाटत नसे. "बरोबर जमलं ना?" हे ती सगळ्यांना विचारायची. अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या पोरांनाही. पोरं मान हलवायची, तेव्हा ती पुढचं ताट वाढायची.

आता खुशबू. खुशबू ही काकूच्या धाकट्या बहिणीची मुलगी. अकरावी-बारावी तिनं पवनीत, काकूच्या घरी राहून केली. दोन वर्षं काकूनं तिचा डबा भरला, वेण्या घातल्या, आणि परीक्षेच्या दिवसांत बाबुलालकाकांना खोकायचीसुद्धा बंदी केली. मग खुशबू हॉटेलचं शिकायला नागपूरला गेली.

दोन हजार तेरा साली चौदा एप्रिलच्या दोन दिवस आधी काकूच्या मनात आलं, की जयंतीला दरवर्षी तीच खीर अन् तीच बुंदी, यंदा काही नवं करावं. तिनं खुशबूला फोन लावला. खुशबू म्हणाली, "मावशी, ब्रेड-बटर पुडिंग कर. एकदम सोपं आहे. डबलरोटी घे, तिच्यावर बटर लाव, असे दोन-तीन थर लाव. वरून दूध, अंडे अना साखर फेटून टाक. मग भाजून काढ."

आता यात चूक कोणाची, तुम्हीच सांगा. 'लाव' हे मराठीतलं क्रियापद म्हणजे सरकारी शिपाई. कुलूप लाव, हळद लाव, पोराला शाळेत लाव, सभेच्या खुर्च्या लाव, सगळ्याला एकच माणूस. काकूनं त्याला खुर्च्यांच्या कामाला जुंपलं. डब्यात डबलरोटीचा एक थर लावला, त्यावर बेकरीतले बटर लावले, गोल गोल, पहिल्या रांगेत पाहुणे बसवावेत तसे. परत डबलरोटी, परत बटर. घरात ओव्हन नाही, म्हणून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वैनगंगेची चाळलेली रेती तापवली, तिच्यावर डबा ठेवला, झाकण घातलं आणि झाकणावर चुलीतले निखारे.

बाबुलालकाकांनी नाव ऐकलं आणि म्हणाले, "पुटिंग? ते तं पेंटर लोक भिंतीले लावते."

पण झाकण उघडलं तेव्हा पहिली वाटी त्यांनीच पुढे केली. ते बटर दूध पिऊन टम्म फुगले होते. आतून मऊ, वरून करकरीत, आणि गोडाच्या मधेच दाताखाली जिरं आणि मिठाची एक बारीक कणी. असला गोड पदार्थ आमच्यापैकी कोणी खाल्ला नव्हता. मी तीन वाट्या खाल्ल्या. चौथीसाठी आईनं डोळे वटारले.

खुशबू जयंतीला सुट्टीवर आली होती. तिनं पहिला चमचा तोंडात घेतला, वाटीत खाली पाहिलं, आणि तिला असा ठसका लागला की ती तोंडावर ओढणी धरून अंगणात पळाली. काकू पाण्याचा गिलास घेऊन मागे.

"काय झालं व? जिरं लागलं काय?"

"नाई मावशी. काही नाई."

"बरोबर जमलं ना?"

"एकदम बरोबर," खुशबू म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "काही बदलू नको. असंच करत जा."

झालं. नागपुरात शिकणाऱ्या पोरीचं सर्टिफिकेट मिळालं. काकूनं पुढची नऊ वर्षं काहीही बदललं नाही. जयंती असो, बारसं असो, कोणाचं पोरगं पोलीस भरतीत लागलेलं असो, काकूचं पुडिंग असायचंच. खुशबू आली की खायची, काकू विचारायची, खुशबू "एकदम बरोबर" म्हणायची. काकूला आयुष्यात एवढं बरोबर दुसरं काहीच आलं नव्हतं.

दोन हजार बावीसच्या एप्रिलमध्ये खुशबू आली ती मोबाइलचा स्टँड घेऊनच. भंडाऱ्यात ती स्वतःचं दुकान उघडत होती. तिनं काकूला पुडिंग करायला लावलं आणि वरून शूटिंग केलं.

"चेहरा नाई घेत व माझा?" काकूनं पदर सारखा करत विचारलं. चांगली साडी नेसली होती बिचारीनं.

"हात महत्त्वाचे असतात, मावशी. जादू हातात आहे."

"नाव तं येईन ना माझं?"

"नाव काय म्हणते? किचनच तुझं समज. जून महिन्यात मी न्यायला येतो तुले. कायले त्या अंगणवाडीत नाकं पुसत बसते?"

खुशबू बोलताना कधीकधी मुलांसारखं "येतो, जातो" बोलायची. काकूला त्याचंही कौतुक.

मे महिन्यात काकूनं राजीनामा लिहिला. म्हणजे तिनं सांगितला, मी लिहिला. अंगणवाडीच्या सेविका गोदावरीबाई म्हणाल्या, "रत्नमाला, एक महिना थांब. सुट्टी टाक. पाहून घे, मंग सोड." काकू म्हणाली, "बाई, घरची पोरगी आहे. तिले काय पाहून घ्यायचं?" कागद वर गेला. तिच्या जागी मदतनीस म्हणून रुखमा नावाच्या बाईचं नाव लागलं.

जून आला. खुशबू आली नाही, तिचा व्हिडिओ आला. मला दिसला, आणि मी कौतुकानं धावत काकूला हाक मारली. ही माझी पहिली चूक.

काकू ओट्यावर बसली. व्हिडिओत आधी हात आले. "अवं, हे माझे हात! हा माझा डबा! ह्या बांगड्या पाय!" तिनं आजूबाजूला पाहिलं, कोणी बघायला आहे का म्हणून. मग खुशबू आली, केस मोकळे सोडून, आणि बोलायला लागली. मराठी अशी, की जणू तिच्या सात पिढ्यांनी साकोली तालुका नकाशातच पाहिला.

"तर फ्रेंड्स, या डिशची स्टोरी खूप फनी आहे. आमच्या गावाकडे एक बाई आहे. खूप भोळी. मी तिला म्हटलं, ब्रेडवर बटर लाव. तिनं काय लावलं असेल? गेस करा! चहात बुडवायचे बटर! मला इतकं हसू आलं, की मी ठसका लागल्याचं नाटक करून बाहेर पळाले! पण मग मी विचार केला, या चुकीतून आपण काहीतरी क्रिएट करू शकतो..."

मी बंद करायला गेलो. काकूनं माझा हात धरला. "पुन्हा लाव."

तीन वेळा पाहिलं. तिसऱ्या वेळी ती हातांकडे पाहत नव्हती.

"म्हणजे बटर म्हणजे लोणी?"

"हो."

"तुले माहीत होतं?"

आता इथे माझी दुसरी चूक, जी खरं तर पहिली आहे. मला माहीत होतं. पाचेक वर्षांपासून माहीत होतं. नागपूरला मित्राच्या खोलीवर ते पिवळं बटर ब्रेडला फासताना माझ्या डोक्यात उजेड पडला होता आणि मी एकटाच हसलो होतो.

"मंग काहून नाई सांगतलं?"

"छान लागत होतं, काकू."

"तिनंही हेच म्हणलं असन," काकू म्हणाली आणि उठली. दारापर्यंत जाऊन परत वळली. "चोरलं असतं तं चाललं असतं रे. घरचीच पोरगी आहे, घेऊन जा म्हणलं असतं. पण एक बाई? दोन वर्ष माझ्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास केला तिनं. मी एक बाई?"

दुसऱ्या दिवशी ती भंडाऱ्याला निघाली. बाबुलालकाका म्हणाले, "भांडू नको, पोरगी आहे." काकू म्हणाली, "भांडाले नाई, विचाराले चालली." सोबत मी. अपराधी माणूस पिशवी धरायला बरा असतो.

दुकान लहान पण झगमगीत होतं. काउंटरवर काचेत पुडिंग ठेवलेलं. खुशबूनं पाहताच मिठी मारली, "मावशी! सांगून तं यायचं!" आणि लगेच एक प्लेट पुढे केली.

काकूनं प्लेट हातात घेतली नाही. "ठसका खोटा होता?"

खुशबूचं हसू अर्ध्यावर थांबलं. "मावशी, ते तं व्हिडिओसाठी..."

"खोटा होता का खरा होता?"

"...खोटा."

"अना एकदम बरोबर?"

"तुले वाईट वाटलं असतं म्हणून, मावशी. एवढ्या हौसेनं केलं होतं तू."

"नऊ वर्ष?"

खुशबूनं दाराकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं होती. ती आवाज खाली करून म्हणाली, "अना नाव सांगतलं असतं तं तुलेच हसले असते सारे. तुझीच इज्जत राखली मी. लोकांले स्टोरी पाहिजे असते, समजून घे ना."

"मी तुझ्या किचनसाठी अंगणवाडी सोडून आली. राजीनामा दिला."

"घेणार आहो ना. नक्की घेणार आहो. अजून सेटिंग नाई झाली. दिवाळीनंतर पाहू."

मला वाटलं, आता ती प्लेट उलटी करेल. मनातून मला तेच हवं होतं. तिनं चमचा उचलला, एक घास खाल्ला आणि कपाळाला आठी घातली.

"खाली गच्च राहिलं."

"हो ना!" खुशबू एकदम पुढे सरकली, पुन्हा बारावीतली पोर होऊन. "रोज तसंच होऊन राहिलं. तू काय करते?"

आणि काकूनं सांगितलं. अख्खं सांगितलं. खालच्या थरातले बटर आधी कोमट दुधात बुडवायचे, हातानं हलकेच दाबून लावायचे, आणि दूध ओतल्यावर डबा अर्धा तास तसाच ठेवून मग आचेवर. शूटिंगच्या दिवशी ते सगळं खुशबू मोबाइल चार्जिंगला लावायला गेली तेव्हा झालं होतं. खुशबूनं लिहून घेतलं.

बस अड्याळ सोडून पुढे आली तेव्हा काकू खिडकीकडे पाहत म्हणाली, "मी काहून सांगतलं रे तिले?"

मग स्वतःच म्हणाली, "तिनं विचारलं, अना तोंड आपोआप चाललं. माझंच तोंड मले दगा देऊन राहिलं."

अंगणवाडीत ती परत जाऊन आली. गोदावरीबाई वाईट माणूस नाहीत, पण कागद पुढे गेलेला. रुखमानं खिचडीचा चमचा हातात धरून मान खाली घातली. काकूनं जाता जाता तिच्या खिचडीत मीठ कमी आहे हे सांगितलं आणि घरी आली. पुडिंग तिनं त्यानंतर केलेलं नाही. गल्लीत दोन बारशी झाली, दोन्हीत खीर होती.

मग एका संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसली. "त्या व्हिडिओच्या खाली लिहिता येते म्हणते. लिही." मी लिहिलं: 'ही बाई म्हणजे रत्नमाला बाबुलाल नंदागवळी, राहणार पवनी. हे हात तिचे आहेत.' तासाभरात ते तिथं नव्हतं.

"काय झालं?"

"पुसलं तिनं."

"पुन्हा लिही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे चालतं. ती सांगते, मी टाकतो, खुशबू पुसते. दर वेळी काकू एखादी ओळ वाढवते. 'तिनं या पोरीच्या दोन वर्ष वेण्या घातल्या.' 'ठसक्याच्या वेळी पाणी तिनंच दिलं होतं.' आता मजकूर इतका लांबला आहे, की टाइप करता करता माझा चहा थंड होतो. बाबुलालकाका म्हणतात, एवढ्यात महाभारत झालं असतं. मीही परवा म्हणालो, "काकू, राहू द्या ना आता. लिहून काय उपयोग? कोणी वाचायच्या आधीच ती पुसून टाकते."

काकूनं मोबाइलवर बोट ठेवलं.

"पुसाच्या आधी वाचत तं असन ना ती?"