दादांच्या ठशातला चंद्र

ठसेवाले दादा मराठी सरळ वाचताना अडखळत. उलटी मात्र झरझर वाचत. ठशावर अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात, तेव्हा ती कागदावर सुलट उमटतात. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आधी कापडावर छापायच्या वेलबुट्ट्या, मग पापड-लोणच्याच्या पाकिटांवरची नावं. कविता हातात दिली की दादा कागद खिडकीकडे धरत, मागच्या बाजूनं वाचत आणि म्हणत, "हां, आता समजली."

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एका बराकीतली खोली हे त्यांचं घरही होतं आणि कारखानाही. लष्करासाठी बांधलेल्या या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली. त्यांतलं एक दादांचं. त्यांचा जन्म त्याच खोलीतला. लग्न त्यांनी केलं नाही. आम्ही तिघं त्यांच्याकडे जायला लागलो ते एका पुस्तकासाठी. बदलापूरच्या शिरगावात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या नलूताई आणि अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले पाठकसाहेब ही दोघं कवी. मी वर्तमानपत्रात उपसंपादक, म्हणून संपादन माझ्याकडे. विषय ठरला होता: अंबरनाथचं शिवमंदिर. दादा चित्रं आणि अक्षरं लाकडावर कोरणार, हातकागदावर हातानंच छापणार आणि आम्ही पानं शिवणार.

दादांची पहिली अट अशी की कविता तळहातात मावली पाहिजे. ते कागदावर पंजा ठेवत आणि बाहेर राहिलेल्या ओळींवर पेन्सिलीनं रेघ मारत. पाठकसाहेबांची चोवीस ओळींची कविता पहिल्याच दिवशी सहा ओळींची झाली.

"दादा, ही कविता आहे. दुधी भोपळा नाही, शेंडा-बुडखा उडवायला," नलूताई म्हणाल्या.

"ताई, भोपळा कापायला मला दोन मिनिट लागतात. तुमची एक ओळ कापायला दोन दिवस. बोलो, कुठली पाहिजे?"

पाठकसाहेबांनी घरी जाऊन सहा ओळी पुन्हा वाचल्या. काढलेल्या अठरा ओळी त्यांनी परत मागितल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं देवळात जात असू. दादा स्केचबुक नेत नसत. भिंतीशी उभं राहून ते मूर्तींवर नव्हे, मूर्तींच्या मधल्या दगडावर हात ठेवत आणि डोळे मिटत. पाच मिनिटं, कधी दहा. बाजूनं माणसं बेल-फुलं घेऊन जात, वालधुनी नदीच्या अंगानं वारा येई, आणि दादा झोपेत चालणाऱ्या माणसासारखे भिंतीच्या कडेनं सरकत राहत. एकदा डोळे न उघडताच म्हणाले, "इथे कारागीर बदलला. हा डावखुरा होता."

"पुरावा काय?" मी विचारलं.

"पेपरवाले, तुम्ही छापू नका ना. मी तुम्हाला नाही, यांना सांगितलं." यांना म्हणजे दगडाला.

निम्मं पुस्तक झालं असताना एका रविवारी दादांनी आमच्यापुढे एक नवं चित्र ठेवलं. लांबलचक बुटकी इमारत, पुढे काढलेले पत्रे, एक खाट, नळाशी बादल्या. त्यांची बराक. ती पाडायची ठरली होती. खोली भावाच्या नावावर होती. भाऊ गेल्यावर कॅम्प १ मध्ये दुकान चालवणाऱ्या पुतण्यानं बिल्डरच्या कागदांवर सही केली होती. दादा म्हणाले, "साईं, एक पान. कविता छोटी चालेल. जाण्याच्या आधी कागदावर आली पाहिजे."

पाठकसाहेबांनी चष्मा पुसला. "दादा, हजार वर्षांचं देऊळ कुठे आणि बराक कुठे?"

"साहेब, देऊळ बांधलं तेव्हा पहिली सत्तर-ऐंशी वर्षं त्याला पण कोणी जुनं म्हटलं नसेल."

नलूताई माझ्याकडे बघू लागल्या. निर्णय माझा होता. मी म्हणालो, "विषय ठरलेला आहे." आमच्या कचेरीत हे वाक्य रोज कुणाला तरी ऐकवलं जातं, ते माझ्या तोंडून सहज गेलं. दादांनी चित्राची घडी केली नाही. ते गुंडाळून फळीवर ठेवलं आणि विचारलं, "चाय घेणार?"

दोन महिन्यांनी बराक पडली. दादा जवळच भाड्याच्या खोलीत गेले आणि काम थांबलं. आम्हाला वाटलं, पुस्तक अर्धवट राहणार. मग एक दिवस त्यांनी बोलावून गाभाऱ्याचं पान दाखवलं. या देवळाचा गाभारा जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर बघितलं की थेट आभाळ. दादांच्या पानात ते आभाळ काळं होतं. त्यात उभ्या बारीक पांढऱ्या रेघा वाहत होत्या आणि एका बाजूला पांढरा, किंचित वेडावाकडा चंद्र होता. पाठकसाहेब ते पान घरी घेऊन गेले आणि आठवड्यानं कविता घेऊन आले. तिच्या पहिल्या दोन ओळी अशा:

छत बांधायचं राहून गेलं,
म्हणून चंद्र आत आला.

त्यांनी इतकं चांगलं आधी कधी लिहिलं नव्हतं. तळहातात मावूनही जागा उरली. दादांनी ती खिडकीकडे धरून वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, चंद्र नाही. कडीचं भोक आहे."

बराक पाडताना त्यांनी आपल्या खोलीचं दार मागून घेतलं होतं. जुनं सागवान. फळ्या कापून त्यांनी ठसे केले. इतर वेळी लाकूड घासून गुळगुळीत करतात, रेषा दिसू देत नाहीत. या वेळी त्यांनी घासलं नाही. आभाळातल्या रेघा दाराच्या होत्या; भोकाला शाई लागत नाही, म्हणून चंद्र पांढरा. उरलेली सगळी पानं याच लाकडावर होणार होती. दादांनी ते आमच्यापासून लपवलं होतं, आणि आता विचारत होते माझ्याकडे बघत, "पान काढणार काय?"

पाठकसाहेब माझ्याआधी बोलले. "कविता तशीच राहील. मला तो चंद्रच दिसला."

मी मात्र एक अट घातली. वाचकाला वस्तुस्थिती कळली पाहिजे. शेवटच्या पानावर कागद, शाई, शिवण यांची नोंद असते. तिथे मी लिहिलं: 'लाकूड (गाभाऱ्याच्या पानापासून पुढे) : उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एका बराकीचं दार.'

"एका?" दादा म्हणाले. "नंबर टाका. बराक नंबर, खोली नंबर. नंबर नसेल तर डाकिया कुठे जाणार?"

मी नंबर टाकला. तो त्यांनी स्वतः कोरला, उलटा, एका सकाळीत.

पुस्तक झालं, प्रती वाटल्या गेल्या. पुढच्या थंडीत दादा गेले. आजारपण थोड्या दिवसांचं होतं. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर पुस्तकात छापलेल्या बराकीच्या पत्त्यावर एक पत्र आलं. जागेवर पत्र्याचं कुंपण आणि खोदलेला पाया होता, पण पोस्टमनला नंबर माहीत होता. त्यानं पत्र शेजारच्या शिलाईवाल्याकडे दिलं, शिलाईवाल्यानं पुतण्याला कळवलं, पुतण्यानं मला. "अंकल, मी तिथे कधी राहिलोच नाही. तुम्हीच बघा," तो म्हणाला. पत्र पुण्याच्या एका म्हाताऱ्या सिंधी बाईंचं होतं. त्यांचं बालपण कॅम्प ४ मध्येच गेलेलं. पुस्तकातली दाराची नोंद वाचून त्यांनी एवढंच विचारलं होतं: आमच्या बराकीची दारं बाहेर उघडायची. तुमचं कुठे उघडायचं?

मी नलूताईंना फोन केला. "आत," त्या ठामपणे म्हणाल्या. पाठकसाहेब तितक्याच ठामपणे म्हणाले, "बाहेर." त्या दारातून आम्ही दोन वर्षं ये-जा केली होती. माझ्या वहीत त्या खोलीची लांबी-रुंदी आहे, हत्यारांची नावं आहेत, दाराबद्दल काही नाही.

शेवटी मी बाईंना लिहिलं की नक्की सांगता येत नाही. आम्ही जायचो तेव्हा ते उघडंच असायचं.