अर्थ सांगायची जागा

सरकीचा वास आला की परतूरचं ते गोदाम आठवतं. सकाळी तिथे आम्ही बाया आसनं करायचो, मग योगाचा जुना संस्कृत ग्रंथ वाचायचो. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, तेही संस्कृत घेऊन; त्यामुळे सूत्रांचा अर्थ मीच सांगायचे. एक दिवस गोदामवाल्या शेठजींची नवी सून आली. तिला सगळी सूत्रं तोंडपाठ. योग शिकवणारे सर मला म्हणाले, "ताई, आज अर्थ ह्यांना सांगू द्या." सूत्र नेमकं दुसऱ्याच्या सुखात आनंद मानण्याचं निघालं. शेजारीण माझ्या कानाशी लागली, "मंग, आता तुमची सुट्टी का?" शेवटी सुनेनं विचारलं, "दीदी, बराबर सांगितलं ना?" "बिलकुल," मी म्हणाले, पण नंतर प्राणायामात श्वास काही केल्या ठरेना. पुढं ती पुण्याला गेली आणि जागा परत माझ्याकडे आली. तेवढं एक सूत्र मात्र मी अजून भरभर उरकते.