रानात जायच्या दिवशीची गोळी

आई गावाकडं, बोरीला राहते, मी नोकरीसाठी परभणीला. तिचा रक्तदाब वाढल्याचं कळलं तेव्हा मी तिला इथल्याच एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली. पुन्हा दाखवायला गेलो तर रक्तदाब जिथल्या तिथंच.

"रोज घेता ना?" त्यांनी विचारलं.

"घ्यायलेय की," आई म्हणाली. त्यांनी गोळी वाढवून दिली.

पुढच्या खेपेला ते बाहेरगावी होते, म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथं बाई डॉक्टर होत्या. त्यांनी आधीची चिठ्ठी वाचली आणि आईला म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो, ते सांगा." आई चुलीपासून सांगायला लागली. रानात जाण्यापर्यंत आली आणि माझ्याकडं बघून थांबली. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

थोड्या वेळानं आत बोलावलं.

"यांना विचारूनच सांगतेय," बाई म्हणाल्या. "या गोळीनं लघवीला सारखं जावं लागतं. रानात जायचं कुठं? म्हणून रानात जायच्या दिवशी त्या गोळी घेतच नाहीत."

आमचं रान मला पाठ आहे. हिवाळ्यात हरभरा, तोही घोट्याच्या जरा वर. बांधावरची बाभूळ रस्त्याच्या कामात गेली. इकडं खुरपायला बाया, तर शेजारी पाणी द्यायला गडी. आडोसा कुठंच नाही.

"त्या डॉक्टरला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"बाप्या माणसाला काय सांगू? अन् तू बी बसलेला."

बाईंनी गोळी बदलली. रक्तदाब उतरला, पण पाय सुजले. आता त्या रागावतील असं आईला वाटत होतं, म्हणून ती यायलाच तयार नव्हती. मी समजावून नेलं. बाईंनी पाय दाबून बघितले. "ही तुम्हाला सोसत नाही, एवढंच. दुसरी देऊ."

ती तिसरी गोळी आई रोज घेते. रक्तदाब बराचसा आटोक्यात आहे. सूज उतरायला मात्र वेळ लागला. तोवर स्वतःच्या चपला होईनात, म्हणून ती माझ्या जुन्या चपला घालून रानात जायची. बाया हसायच्या. तीही हसायची.