अण्णाला ताप कधी आला

माझा मोठा भाऊ, अण्णा, वडगावात पॉवरलूमवर साड्या विणायचा. दोन वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका दवाखान्यात त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वहिनीला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता, म्हणून शाळेतून रजा टाकून मी त्याच्याजवळ राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो एकाएकी कुडकुडायला लागला. दात वाजत होते. सलाईनची सुई टोचलेली जागा लाल दिसत होती. मी दोन चादरी आणि माझी शाल त्याच्या अंगावर घातली आणि सिस्टरना बोलवायला उठले, तर त्याने माझा हात धरला.

"सांगू नगस. उद्या सोडणार हाईत. मागावर नव्या साड्यांच्या ताण्याचं बीम चढवून आलोय मी, काम तसंच पडलंय. ताप म्हटलं की अजून चार दिस ठेवून घेतील."

"आणि वाढला म्हणजे?"

"न्हाय वाढत गं. पंख्याचं वारं लागलं."

अर्ध्या तासात थंडी थांबली, त्याला घाम आला, तो झोपला. संध्याकाळी सिस्टरनी बघितलं तेव्हा अंगात ताप नव्हता. मला त्याचं म्हणणं खरंच वाटलं, की खरं वाटून घ्यायचं होतं, ते आज सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी मला कानडीत विचारलं, "चळी बंदित्तेनु?" थंडी वाजली होती का? अण्णा माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणाले.

डिस्चार्जचे कागद तयार होईपर्यंत दुपार झाली आणि तो पुन्हा कुडकुडायला लागला. या वेळी भलतंच काहीतरी बडबडत होता. मग मी धावत जाऊन कालपासूनचं सगळं सांगितलं. रक्तात जंतू गेलेत, बहुतेक सुईच्या जागेतून, असं डॉक्टर म्हणाले. रक्त तपासायला पाठवून, रिपोर्टची वाट न बघता त्यांनी लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. बीपी उतरतच गेलं. अण्णाला आयसीयूत हलवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, तेव्हा कळलं की ते औषध त्या जंतूवर चालतच नव्हतं. औषध बदललं. दुसऱ्या दिवशी अण्णा गेला.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, "मी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर?"

ते म्हणाले, "औषध जितकं लवकर, तितकं बरं. पण त्या दिवशीही मी हेच औषध दिलं असतं. रिपोर्ट मात्र एक दिवस आधी आला असता. तेवढ्यानं ते वाचले असते का, मला खरंच सांगता येत नाही."

वहिनी विचारेल म्हणून मी घाबरून होते. तिनं विचारलं नाही. तेराव्यानंतर मीच सांगून टाकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले नाहीत.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्या दुपारी तू औषधं आणायला खाली गेलतीस, तवा त्यांनी फोन केलता. थंडी वाजली म्हणाले, कुणाला सांगू नगस म्हणाले. मला वाटलं, तू जवळ हाईस, तू सांगशील."

तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. अजूनही कळत नाही. कधी वाटतं चूक माझी, कधी तिची, कधी त्या औषधाची. कधी वाटतं अण्णाचीच. मग थोड्या वेळानं त्याचीही वाटत नाही.