शेवटचा गोंडा

कॅन्सरच्या रुग्णालयातल्या बाकावर बसून माझी बायको साडीच्या पदराला गोंडे बांधत होती. तिची गाठ अशी की हत्ती लटकवला तर हत्ती दमेल, गाठ हलणार नाही. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर जाता जाता थबकले.

"काकू, पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही असेच गोंडे असतात. पेशी दुभंगताना ते झिजतात. संपत आले की ती थांबते. कॅन्सरची पेशी मात्र ते पुन्हा बांधून घेते आणि थांबतच नाही."

"मेली माझ्यासारखीच चिवट!" बायको म्हणाली.

थांबता न येणं हाच आजार? मी तर जन्मभर अमर व्हायचे बेत करत आलो!

तिने शेवटचे धागे मोकळेच सोडले. "राहू दे. बघून शिकू दे त्या पेशीला, कुठं थांबायचं ते."