खिशातली चावी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि निरोपसमारंभात शाल पांघरून घेताना तर नाहीच. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो. आता ऐंशीच्या घरात आहे, बदलायला विषय उरलेले नाहीत.

आधीच सांगतो, माझी समजूत घालायला कुणी नको. परवा पुण्याच्या नातवाला नुसतं म्हणालो, एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही, तर तो फोनवर म्हणाला, "लेट इट गो, आजोबा." किती सहज! इंग्रजी बोलणारी माणसं हातातल्या दोरीलाही हे शब्द लावतात आणि मनातल्या सलालाही. मला माहीत आहे. मला ते कुणी शिकवलं, तेच तर सांगायचं आहे.

धरणगावच्या बाजूला एका गावातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. शाळेचं नाव लिहीत नाही — केलं ते मी केलं. ऐंशीच्या दशकात तिथे तायडे नावाचे तरुण शिक्षक आले. भुसावळचे, बौद्ध घरातले. वडील रेल्वेत, शेजारी एका अँग्लो-इंडियन गार्डचं कुटुंब. त्यांच्या पोरांशी खेळत, मारामाऱ्या करत हा माणूस इंग्रजी शिकलेला. मी शिकलो व्याकरणाच्या पुस्तकातून. फरक पहिल्याच महिन्यात ऐकू आला. मला, आणि मुलांनाही.

'माझा हात सोड' याचं भाषांतर मी वीस वर्षं 'लीव्ह माय हँड' असं शिकवत होतो. माझ्या सरांनी मला तसंच शिकवलं होतं. एके दिवशी नववीच्या वर्गात ते फळ्यावर लिहिलं, तशी सुरेखा नावाची मुलगी उठून म्हणाली, "सर, तायडे सर सांगतस, ते चुकीनं शे. इंग्रज लोक 'लेट गो ऑफ माय हँड' म्हणतस."

मागच्या बाकावरून आवाज आला, "आते सरले बी शिकाडनं पडी!"

आता सरांनाही शिकवावं लागणार म्हणे! वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं. पण मी ते हसणं घरी घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तायडेंना विचारलं. त्यांनी कसलाही ताठा न दाखवता सांगितलं, "सर, लीव्ह म्हणजे ठेवून निघून जाणं. आपण हात ठेवून कुठे जाणार? पोलिसांनी माणूस सोडला, पोरानं पतंगाची दोरी सोडली, कुणी मनातला राग सोडला, तर ते लोक 'लेट गो' म्हणतात. गार्डची पोरं माझ्या मुठीत सापडली की हेच ओरडायची." आणि ते हसले. मी हसलो नाही.

मधल्या सुट्टीत मी कपाटातला मोठा शब्दकोश उघडला. त्यांचं बरोबर होतं. उदाहरणासकट छापलेलं होतं. मी शब्दकोश मिटला, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी वरच्या खिशात टाकली. एरवी ती खिळ्याला टांगलेली असायची; त्या दिवसापासून माझ्याच खिशात राहू लागली.

त्याच महिन्याअखेर तायडेंची दोन वर्षं भरत होती. त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं होतं. हेडमास्तरांनी माझा अभिप्राय मागितला. मी लिहिलं, 'भाषा अशुद्ध. विद्यार्थ्यांना चुकीचे इंग्रजी शिकवतात.' उदाहरण म्हणून तेच वाक्य दिलं, सुवाच्य अक्षरात.

हेडमास्तरांनी दोघांना समोर बसवून तो कागद वाचून दाखवला. तायडे म्हणाले, "शब्दकोश बघू या ना, सर. कपाटातच आहे."

मी म्हणालो, "चावी घरी राहिली."

"राहू द्या हो तायडे," हेडमास्तर म्हणाले. "सरांना काय शब्दकोश लागतो?"

टेरीकॉटचा पांढरा शर्ट होता माझा. पातळ खिसा. चावी बाहेरून दिसत होती. तायडेंची नजर तिथे गेली, थांबली — आणि ते गप्प बसले. का? एका बौद्ध मास्तरानं माझा खिसा उलटा करायला सांगितला असता, तर त्या खोलीत कुणाचं ऐकलं गेलं असतं? त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर मी खोटं बोललो! जात माझ्या मनात नव्हती, असं मी म्हणणार नाही. माझ्या जातीतला असता, तर चावी काढली असती.

माझ्यावर दबाव होता का? नव्हता. माझी नोकरी धोक्यात होती का? छे. मला मुलं हसली होती, एवढंच. तेवढ्यासाठी मी एका माणसाची भाकरी काढून घेतली.

तायडे गेले. आणि पुढच्या वर्षापासून — हेही लिहिणारच — मी वर्गात 'लेट गो ऑफ' शिकवू लागलो. माझं म्हणून. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं, तेही मी मान लववून घेतलं.

नंतर ते एकदाच भेटले, नव्वदच्या दशकात, धुळ्याच्या एसटी स्टँडवर. सोबत शाळकरी मुलगी. शाळेची नोकरी पुन्हा मिळाली नव्हती, धुळ्यातच शिकवण्या घेत होते. मुलीला म्हणाले, "हे आमचे सर. यांचं अक्षर फार सुंदर."

मी त्यांचा हात धरला, दोन्ही हातांनी. "तायडे, त्या दिवशी ती चावी—"

कंडक्टरनं बेल मारली. मुलगी पायरीवर चढली होती, वळून वडिलांकडे बघत होती.

"सर, हात सोडा," ते म्हणाले. मराठीत म्हणाले. "गाडी निघाली."

मी सोडला. 'चावी माझ्या खिशात होती, मी खोटं बोललो, माझं चुकलं.' एवढंच वाक्य होतं. बस फाटकातून बाहेर पडायला वेळ लागला, समोर एक बैलगाडी आडवी आली होती. ते खिडकीशीच बसले होते. चार पावलं चालून मी ते म्हणू शकलो असतो.

नाही म्हणालो.