शहाडच्या चंदाला दिवस गेले

घोडीच्या गर्भाशयाबद्दल आमच्या आतोबांना जेवढं ठाऊक होतं तेवढं खुद्द घोडीलाही ठाऊक नसेल, हे मी पैजेवर सांगतो. ते जनावरांचे डॉक्टर, पण गाई-म्हशींना हात लावायचे तो नोकरीपुरता. जीव सगळा घोडीत. घोड्याचं बीज काढायचं, दोन दिवस टिकवायचं आणि लांबच्या घोडीत भरून गर्भ राहतो का बघायचं, हा एकच ध्यास. आता ते बीज टिकवायला लागतो अंड्याचा बलक, आणि घर नौपाड्यात, आमच्या आत्याच्या सोवळ्या राज्यात! शेवटी तह झाला. अंडी शिलाई मशीनच्या खणात राहू लागली, आणि आत्या पाहुण्यांना ठणकावून सांगू लागली, "ती खायची नाहीत हो, संशोधनाची आहेत." मग पांढऱ्याचं काय होतं, असं कोणी विचारलं की आतोबा खिडकीबाहेर बघायचे.

त्यांना लग्नाला नेणं म्हणजे विकतचं दुखणं. डोंबिवलीला माझा मामेभाऊ घोडीवर बसून मांडवाकडे निघाला, तर हे नवरदेवाला सोडून घोडीच्या शेपटीमागे! वाकून बघितलं आणि बँड थांबवून जाहीर केलं, "घोडी माजावर आहे. पुढे टांगे उभे असतात. नवऱ्याला आत्ताच उतरवा." मामी जी रुसली, ती अजून त्यांचं नाव काढलं की तोंड फिरवते. पण हसू नका, कोपऱ्यावर टांग्याचा एक घोडा खरोखरच दोन पायांवर उभा राहिला. नवरदेव चालत मांडवात गेला म्हणून धड पोचला.

एवढं ज्ञान, पण पंधरा वर्षांच्या खटपटीत टिकवलेल्या बीजाचं एकही शिंगरू जन्माला आलं नव्हतं. निवृत्ती वर्षावर आली होती. शेवटची आशा म्हणजे शहाडच्या एका टांगेवाल्याची घोडी, चंदा. आतोबांनी तिला बीज भरलं, आणि महिन्याभराने टांगेवाल्याचा निरोप आला तो शेजारच्या वहिनींकडे, कारण आळीत फोन त्यांचा एकट्यांचाच. वहिनी धावत आल्या, आत्याला आतल्या खोलीत नेलं आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "शहाडहून फोन होता. कुणा चंदाला दिवस गेलेत म्हणे. आणि... सगळं डॉक्टरांमुळेच झालं, असंही म्हणाला."

"अगंबाई, खरंच?" आत्याने देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर वहिनींच्या हातावरही ठेवली. वहिनी ती साखर तशीच मुठीत धरून घरी गेल्या.

आम्ही तिघं लगोलग शहाडला गेलो. आतोबांनी हात घालून तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "दोन आहेत," ते म्हणाले.

"जुळं!" टांगेवाला नाचायलाच लागला. "डाक्टर, पेढं वाटतो बगा!"

आतोबांनी त्याला खाली बसवलं. घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात, कधी घोडीही जाते. एक गर्भ आत्ताच आतल्या आत बोटांनी दाबून संपवला, तर दुसरा वाचण्याची आशा. हे आतोबा शिकाऊ डॉक्टरांना डोळे मिटून शिकवायचे. आणि आज तबेल्यात उकिडवे बसून राहिले. आत्याला आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. तो विषय आम्ही कधी काढला नाही, त्यांनीही नाही. "उद्या बघू," म्हणाले. उद्याचा परवा झाला. तिसऱ्या दिवशी आत्याच म्हणाली, "अहो, उशीर केलात तर दोन्ही जातील ना? मग उठा. मी येते बरोबर." त्या दिवशी चंदाला आत्यानेच धरलं होतं. घरी येऊन आतोबा जेवले नाहीत.

राहिलेला गर्भ मात्र टिकला. दहा महिन्यांनी लालसर रंगाचं, लांब पायांचं शिंगरू झालं, आणि माझे आतोबा त्या ओल्याचिंब पिल्लाला मिठी मारून चक्क हुंदके देत रडले. मला इतका आनंद झाला होता की मीही रडलो, लपवतो कशाला!

टांगेवाल्याने थाटात बारसं केलं. त्याला बहीण नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान आमच्या आत्याचा. तिने वाकून नाव सांगितलं, "मोती". सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या वाटल्या गेल्या. गडबड ओसरल्यावर ती पुन्हा शिंगराजवळ गेली आणि दुसऱ्या कानाशी वाकली.

परतताना मी आतोबांना विचारलं, "नाव एकच, मग आत्या दोनदा काय सांगत होती?"

आत्या पुढे चालत होती. आतोबांनी चष्मा पुसला.

"तिने नावं दोन काढून ठेवली होती रे," ते म्हणाले. "दुसरंही कोणाला तरी सांगायला हवंच ना?"